८ बारांचं जहाज: लढाईआधी काय काय बघून ठेवायचं

‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’ हा सबसेट गेम्सचा २०१२ सालचा अंतराळजहाजाचा गेम. सुरुवातीला हाती येतं ते केस्ट्रेल जहाज आणि ८ बारांचा, म्हणजे विजेच्या ८ भागांचा, रिॲक्टर. आता खर्च मोजा. शिल्डला २, इंजिनला २, शस्त्रांना ३, ऑक्सिजनला १, मेडबेला (जखमी बरे होतात ती खोली) १. झाले ९. म्हणजे पहिल्या मिनिटापासूनच एक बार कमी. नवा खेळाडू स्क्रॅप (गेममधला पैसा) हातात पडल्या पडल्या तो नववा बार घ्यायला धावतो. मी म्हणेन, नका घेऊ. रिॲक्टर वाढवत वाढवत गेलात तरी २५ वर थांबतो, आणि तोवर जहाजावर इतक्या सिस्टिम्स झालेल्या असतात की तेही पुरत नाहीत. घरी इन्व्हर्टर असलेल्यांना हे समजवावं लागणार नाही: पंखा आणि दिवे चालू असताना मिक्सर लावायचा, तर आधी काय बंद करायचं हे माहीत हवं. इथली तयारी म्हणजे मुख्यतः तेवढंच.

आधी फुकटचं सगळं वापरून घ्या. पायलटिंग, सेन्सर्स आणि दारं यांना रिॲक्टरचा एकही बार लागत नाही. माणसांनाही लागत नाही. केस्ट्रेलवर तिघं असतात. एक पायलटच्या खुर्चीत हवाच, कारण ती खुर्ची रिकामी राहिली तर इंजिनला कितीही बार दिले तरी सुरुवातीच्या जहाजाला गोळे चुकवता येत नाहीत. दुसरा शस्त्रांवर, म्हणजे चार्जिंग जरा लवकर होतं. तिसऱ्याला मी इंजिनवर बसवतो. शिल्डवर बसवणारेही आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. झोल्टन जातीचा कोणी क्रूमध्ये आला तर त्याला सांभाळा. तो ज्या खोलीत उभा राहील तिथल्या सिस्टिमला स्वतःच्या अंगातून एक बार देतो. हा चालताबोलता बार आहे, त्याला आग विझवायला पाठवू नका.

मग शस्त्रांची मांडणी बघा. केस्ट्रेलवर बर्स्ट लेझर २ बार खातो आणि आर्टेमिस मिसाइल १. बर्स्ट लेझर डावीकडे पहिला ठेवा, कारण शस्त्रांच्या खोलीला मार बसला की वीज उजवीकडच्या शस्त्रांची आधी जाते. शत्रूकडे शिल्डचा एकच थर असेल तर आर्टेमिस लागणारच नाही. मिसाइल्स ८ च आहेत, जपलेल्या बऱ्या. पण ते बंद करायचं ते लढाईच्या तोंडालाच. शस्त्राची वीज काढली की साठलेला चार्ज उतरत जातो. बर्स्ट लेझरला भरायला १२ सेकंद लागतात. अकराव्या सेकंदाला ‘मेडबेला जरा देऊ’ म्हणून त्याचे बार काढलेत, तर सुटायला आलेले ३ गोळे गेले आणि पुन्हा वाट बघणं आलं. उसने बार घ्यायचे तर इंजिनकडून घ्या, ऑक्सिजनकडून घ्या. शस्त्रांकडून नाही. आणि हे सगळं स्पेसबार दाबून, पॉजमध्ये. पॉज करायला लाजणारे लोक मला कधी कळले नाहीत.

शिल्डचा हिशेब सम आकड्यांचा आहे. २ बारांना एक थर, ४ ला दोन, ६ ला तीन. तिसरा बार एकटा दिलात तर थर वाढत नाही. पण तिसरी लेव्हल विकत घेऊन तिला वीज न देता ठेवणं अगदी शहाणपणाचं आहे. शत्रूचा घाव त्या रिकाम्या लेव्हलवर पडतो आणि थर शाबूत राहतो. दुसऱ्या थरासाठी २० आणि ३० असं मिळून ५० स्क्रॅप लागतं, आणि मी पहिलं मोठं स्क्रॅप तिथेच घालतो. ‘पण मग वरचे २ बार आणायचे कुठून?’ आणायचे नाहीत. शिल्ड ४, शस्त्रं ३, इंजिन १, ऑक्सिजन ०. झाले ८. लढाई संपली की शिल्डचे काढून ऑक्सिजनला. हवा काही एका सेकंदात संपत नाही, खोल्यांमध्ये बराच वेळ पुरते.

नेब्युलात, म्हणजे अंतराळातल्या ढगात, शिरण्याआधी मात्र एक वेगळा हिशेब मनात तयार हवा. साध्या नेब्युलात सेन्सर्स जातात, त्याचं फारसं नाही. प्लाझ्मा वादळ असेल तर रिॲक्टर अर्धा होतो: ८ चे ४. अशा वेळी सगळ्यांना थोडं थोडं वाटत बसलात तर काहीच धड चालत नाही. मी शिल्डला २, बर्स्ट लेझरला २ देतो आणि बाकी अंधार. इंजिन शून्य म्हणजे गोळे चुकवणं शून्य. पळून जायचं ठरलं तर मात्र इंजिनला निदान एक बार आणि खुर्चीत पायलट हवा, नाहीतर पुढच्या ठिकाणी नेणाऱ्या उडीचं चार्जिंग पुढे सरकत नाही. झोल्टनच्या बाराला वादळाचा काही फरक पडत नाही, म्हणून त्याला आधीच शिल्डच्या खोलीत नेऊन उभा करा.

असंच एक वादळ मी जिंकलो होतो. ३० पैकी ६ हल (जहाजाचा जीव) उरलं होतं, पण जिंकलो, आणि त्या खुशीत तसाच पुढे गेलो. पुढच्या ठिकाणी वादळ नव्हतं, ८ ही बार परत आले होते, शत्रू लेचापेचा. माझं सगळं लक्ष त्याच्या शस्त्रांच्या खोलीवर. लढाई लांबली. मग इंजिनच्या खोलीतल्या माणसाची हिरवी पट्टी कमी होताना दिसली. आग नाही, घुसखोर नाही. खोल्या गुलाबी झाल्या होत्या. दोन लढायांपूर्वी बंद केलेला ऑक्सिजन बंदच होता, आणि रिॲक्टरमध्ये दोन बार रिकामे, दिमाखात उभे. चालू केला, पण हवा भरायला वेळ लागतो. माणसं मेडबेकडे पळवली, तर मेडबेही बंद. तिघांपैकी एक पोचला. त्या दिवसापासून शत्रू फुटला की माझा हात स्क्रॅप मोजायच्या आधी डाव्या कोपऱ्यात, बारांच्या वाटणीकडे जातो.

२०१४ च्या फुकट मिळालेल्या ॲडव्हान्स्ड एडिशनमध्ये बॅटरी आली. २ बार, ३० सेकंद. स्वस्तात मिळाली तर घ्या, पण तिच्या भरवशावर हळू भरणारं शस्त्र चालवू नका. वेळ संपली की कुठले तरी २ बार जाणारच. मेडबेला किंवा इंजिनला चालतं. आयन शस्त्रं असलेला शत्रू समोर आला तर वाटणी पहिला गोळा लागायच्या आधी उरका. आयन लागलेल्या सिस्टिमवर कुलूप येतं, आणि ते उतरेपर्यंत तिथून ना बार काढता येतो ना घालता.

एवढं झालं की उडी मारायचं बटण. ते दाबण्याआधी डाव्या कोपऱ्यात खालून वर नजर: रिॲक्टरमध्ये रिकामा बार राहिलाय का, मेडबेत कोणी नसताना ते चालू आहे का, आणि ऑक्सिजन.