पेट्रोल भरलं आणि गाडी झटके खायला लागली? या चुका टाळा

"मिस्त्री, पंपवाल्यानं पाणी मारलंय बघा." पावसाळा लागला की हे वाक्य मी चहाइतक्या वेळा ऐकतो. कधी खरंही असतं. पण गाडी मिसिंग करते म्हटल्यावर थेट टाकी उतरवायला सांगणारे गिऱ्हाईक आणि ती लगेच उतरवणारे मिस्त्री, दोघांचाही मला कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखणं नेमकं कधी सुरू झालं हे कुणी विचारतच नाही.

पेट्रोल गाडीच्या पाइपात आणि रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, जुनं पेट्रोल भरलेलं असतं. नवं इंजिनापर्यंत पोचायला थोडं चालावं लागतं. म्हणजे पंपावरून निघालात, दोन-चार किलोमीटर नीट गेलात आणि मग पिकअप पडला, तर पेट्रोलवर संशय घ्या. पण नोझल काढल्या काढल्या सेल्फ लांबला, गाडी गुरगुरली आणि मिनिटभर रेस दिल्यावर सुतासारखी सरळ झाली, तर त्या पेट्रोलचा बिचाऱ्याचा काय संबंध? ते अजून टाकीतच आहे.

एक सर आले होते माझ्याकडे. हॅचबॅक, देखणी ठेवलेली. दोन ठिकाणी टाकी धुऊन झालेली, प्लग नवे, इंजेक्टर साफ. पेट्रोल भरायचे पंपही तीन बदललेले. तरी टाकी फुल्ल केली की तोच प्रकार. खोटं कशाला बोलू, माझ्या पोरानंही मागची सीट उचलून टाकीतल्या पंपाचं झाकण खोलायला घेतलं होतं. मी विचारलं, "सर, पाचशेचं टाकलं की होतं का?" ते म्हणाले, "नाही हो, फुल्ल केलं तरच."

मग मी त्यांच्याबरोबर पंपावरच गेलो. नोझल टक् करून बंद झालं. सर खिडकीतून म्हणाले, "राउंड फिगर करा." पंपावरच्या पोरानं पुन्हा दाबलं, टक्. पुन्हा दाबलं, टक्. एकवीसशे चाळीसचे बावीसशे झाले तेव्हा कुठे दोघांचं समाधान झालं.

टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात जाते आणि गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इंजिनात ओढली जाते. कट झाल्यावरही दाबत राहिलं की वाफेच्या जागी पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं. त्यात सरांचा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला. सेल्फ मारला की सगळी वाफ एकदम आत, मिक्स्चर गच्च, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, इंजिन गुदमरलं.

माझी तपासायची पद्धत साधी आहे. इंजिन आयडलवर ठेवतो, पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर काढतो, कॅनिस्टरकडून येणारी नळी सोडवतो आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवतो. करंट नसताना व्हॉल्व्ह बंद असायला हवा. बोट ओढलं गेलं तर सापडला चोर. सरांचं बोट मीच धरून ठेवलं तिथं. गप्प झाले. हजार-दीड हजाराच्या वस्तूपायी त्यांनी किती घालवले होते ते मी विचारलं नाही.

दुसरी माझी लाडकी चूक: बाटलीची परीक्षा चुकीची करणं. मोबाइलवर बघून लोक पेट्रोलमध्ये स्वतःच पाणी ओततात, हलवतात आणि खालचा थर वाढला की ओरडतात, "बघा भेसळ!" अहो, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. १० मिली पाण्यात ९० मिली ई-२० घातलंत तर खालचा थर साधारण २८ मिलीचा होणारच. त्यानं इथेनॉल किती ते कळतं, पाणी नाही. पाणी बघायचं तर काहीही न मिसळता, रेलच्या नळीतून स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा, इंजिन गार असताना, विडी-काडीपासून लांब. अर्धा तास हलवू नका. तळाशी वेगळी रेघ दिसली तर खुशाल भांडा. तीच बाटली आणि बिल घेऊन जा. बिल फेकून येणाऱ्यांची बाजू मी घेत नाही.

पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यावर टाकलेला थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडायला हवा. पण त्यातून रॉकेलसारखी भेसळ कळते, पाणी नव्हे.

डिझेल गाडीत पेट्रोल पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की टाकीतला पंप फिरतो. ढकलून बाजूला घ्या. डिझेलच हाय प्रेशर पंपाचं वंगण असतं. "हळूहळू आणली, बाराच किलोमीटर" असं अभिमानानं सांगणाऱ्या एका पठ्ठ्याच्या फिल्टरमध्ये मला चांदीच्या वर्खासारखा धातूचा कीस सापडला होता. पंप, रेल, इंजेक्टर, सगळं गेलं.

बाकी किरकोळ. टाकीचं झाकण टक् होईपर्यंत फिरवा. ते सैल राहिलं तर चेक इंजिनचा दिवा कधी कधी तेवढ्यानंही लागतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका, त्यानं नोंदलेला दोषही पुसला जातो, स्कॅनरला वाचायला काही तरी राहू द्या. काटा रिझर्व्हला टेकवून महिनोन् महिने फिरू नका. आणि टाकीत ओतायच्या औषधांच्या दुकानातल्या त्या रंगीत बाटल्या ओतून तळाशी बसलेलं पाणी जात नाही.

सीएनजीवाल्यांना तर परीक्षा फुकट आहे. गाडी गॅसवर टाका. गॅसवरही झटके असतील तर आधी प्लग-कॉइल बघा. गॅसवर लोण्यासारखी आणि पेट्रोलवरच आचके देत असेल तर टाकीकडे वळा. आणि आधी आठवा, त्या टाकीत खाली राहिलेलं पेट्रोल गेल्या दिवाळीचं तर नाही ना.