एटीव्हीचा बेल्ट ढिला पडलाय? आधी मोजा, मग जुळवा

नागाव-काशिदच्या मऊ वाळूत एटीव्ही (जाड टायरांची उघडी चारचाकी) रुतली की अंगठा थ्रॉटलवर दाबला जातो, इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो. मग बहुतेकजण मेकॅनिकला सांगतात, ‘बेल्ट टाइट करून द्या.’ पण बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक एटीव्हीत कारच्या फॅनबेल्टसारखी ताण देणारी पुली नसते. बेल्ट दोन पुलींच्या खाचांत बसतो. झिजून अरुंद झाला की मागच्या पुलीत खोल उतरतो आणि ढिला पडतो. म्हणून आधी बेल्ट मोजायचा. (भाड्याने मिळणाऱ्या ११० सीसीच्या छोट्या गाड्यांना बहुधा चेन असते, त्यांना यातलं काही लागू नाही.)

गाडी सपाट जागेवर लावा, किल्ली काढून घ्या आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बाजूचं पाय ठेवायचं प्लास्टिक आणि बेल्टचं कव्हर काढा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी असेलच असं नाही. कव्हरचं रबर सील फाटलेलं असेल तर तेही बदला. खारं पाणी आणि वाळू तिथूनच आत शिरते.

आता बेल्टकडे नीट पाहा. आत काळी भुकटी थोडी असतेच. दात्यांच्या बुडाशी चिरा, कडेने सुटलेले दोरे, आरशासारखी चकाकी किंवा एकाच जागी खाल्लेला भाग दिसला, तर जुळवाजुळव करत बसू नका, बेल्ट बदला. चकाकी म्हणजे बेल्ट घसरून तापला होता. एका जागचा खड्डा म्हणजे गाडी अडकलेली असताना थ्रॉटल दाबून धरला होता. बेल्ट दिसायला चांगला असेल तर व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी रुंदी घ्या आणि मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडून पाहा. कमी भरला तर शिम (पुलीतली पातळ चकती) काढून त्याला आणखी चालवणं चुकीचं आहे. मी हे ठामपणे सांगतो, कारण तुटलेल्या बेल्टचे दोरे पुलीत गुंडाळले गेले की बेल्टपेक्षा पुलीच महागात पडते.

ढिलाई पाहायला दोन्ही पुलींवर स्टीलची सरळ पट्टी ठेवा, बेल्ट मधोमध बोटाने दाबा आणि पट्टीपासूनचं अंतर मोजा. पोलारिस कंपनीच्या जुन्या गाड्यांत ते सव्वा इंचाच्या, म्हणजे ३० मिमीच्या आसपास असतं. तुमच्या मॉडेलचं माप मॅन्युअलमध्ये पाहा. इंजिन ब्रेकिंगवाल्या (थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीचा वेग कमी करतं अशा) मॉडेलांत मात्र बेल्ट पुढच्या पुलीतल्या बेअरिंगवर टेकलेला असतो, तिथे ही पद्धत वापरू नका.

पोलारिसमध्ये जुळवणी शिमने होते. मागच्या पुलीच्या दोन तबकड्यांमधली शिम काढली की तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि ताण वाढतो. शिम घातली की उलट. एका वेळी एकच शिम बदला, आणि निदान एक तरी आत राहू द्या. कॅन-अॅमच्या काही मॉडेलांत मागच्या पुलीवर रिंग असते. ती एका खेपेला थोडीशीच फिरवा आणि पुन्हा तपासा.

बसवण्याआधी पुलींचे चेहरे ब्रेक क्लीनरने पुसा. ग्रीसचा बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये. बेल्टवरचा बाण पुली फिरते त्या दिशेला ठेवा, मागची पुली हाताने पाच-सहा वेळा फिरवा म्हणजे बेल्ट आपल्या जागी बसेल.

कव्हर लावून इंजिन आयडलला ठेवा, पाय ब्रेकवर, गिअर टाका. गाडी आपोआप पुढे सरकू पाहत असेल किंवा गिअर कर्रकन लागत असेल, तर बेल्ट घट्ट आहे. झटका देऊन उचलत असेल तर ढिला. आयडल आरपीएम जास्त नाही ना, हेही तेव्हाच बघा, नाहीतर दोष बेल्टच्या माथी जातो. नवीन बेल्ट असेल तर पहिले ५० ते ८० किमी पूर्ण थ्रॉटल टाळा, आणि वाळूत शिरताना ‘लो’ गिअर आधीच टाकून ठेवा.