दुर्बिणीतून की छाती उघडून? फुप्फुसाच्या लहान गाठीचं ऑपरेशन ठरवताना

टाके किती पडतील हे नंतर विचारा. आधी विचारा, आतून नेमकं काय काढणार? कॅन्सरची गाठ ४ सेंमीपर्यंतची असेल आणि लिम्फ नोडमध्ये (जवळच्या लसीका ग्रंथींत) पसरली नसेल, तर सहसा फुप्फुसाचा तो अख्खा लोब, म्हणजे मोठा खण, काढतात. २ सेंमीपर्यंतची, कडेची गाठ असेल तर लोबचा थोडा भाग काढूनही भागू शकतं. नोड मात्र दोन्ही पद्धतींत काढायलाच हवेत, छातीच्या मध्यभागातल्या किमान तीन ठिकाणचे. नंतर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ते मोजून बघा.

छाती उघडताना पाठीकडून बगलेखाली साधारण १५-२० सेंमीचा छेद घेऊन बरगड्या फाकवतात. बरगडीखालची नस दबते, त्यामुळे काहींना कित्येक महिने आग होते, मुंग्या येतात. दुर्बिणीत ३-४ सेंमीचा एक छेद आणि एखाद-दोन भोकं. बरगड्या फाकवत नाहीत. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या व्हायलेट चाचणीत दुर्बिणीचे रुग्ण पाच आठवड्यांनी जास्त हिंडतेफिरते होते आणि घरीही एक दिवस आधी गेले. गाठ पूर्ण निघण्यात फरक पडला नाही. म्हणून जमत असेल तिथे आमचं मत दुर्बिणीकडेच.

मुंबईत अडतं ते जुन्या टीबीपाशी. टीबीने नोड चुन्यासारखे कडक होऊन धमनीला चिकटतात. सोडवताना धमनी फाटली तर भरभर रक्त जातं, मग छाती उघडावीच लागते. वेळेवर उघडणारा सर्जन योग्यच करतो. टीबी झाला असेल तर आधीच सांगा, अगदी लहानपणीचा असला तरी. टीबीचे नोड पेट (पीईटी) स्कॅनवरही कॅन्सरसारखेच चमकतात. कॅन्सर पसरला असं धरण्याआधी ईबसने, म्हणजे श्वासनलिकेत सोनोग्राफीची दुर्बीण घालून, नोडमध्ये सुई घालून तपासून घ्या.

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायला जाताना स्कॅनची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) सोबत न्या. सर्जनला विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, त्यातल्या किती जणांची छाती उघडावी लागते? खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात फुप्फुस कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या कार्ट्रिज धरल्या आहेत का आणि छाती उघडावी लागली तर किती, हेही लिहून घ्या. विडी-सिगारेट आजच बंद.

ऑपरेशननंतर हवा-पाणी बाहेर काढायला छातीत नळी ठेवतात; तिची बाटली कायम छातीच्या खाली ठेवा, एक्स-रेला नेतानाही. खोकल्यावर बुडबुडे आले तर फुप्फुसातून हवा गळते आहे. नळी चिमटू नका, नर्सला बोलवा. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये (श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात) फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. दुखतं म्हणून हा व्यायाम टाळला तर कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. आधी दुखण्याची गोळी घ्या, अर्ध्या तासाने व्यायाम करा.