फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन: दुरुस्त करायचं की बदलायचं? या चुका टाळा

फ्रीजच्या मागून 'टक्' असा आवाज येतो. दोन-चार सेकंद घुं होतं, पुन्हा 'टक्', मग सगळं गप्प. चार-पाच मिनिटांनी परत तेच. आतलं दूध नासलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, "बारा वर्षं झाली की, कॉम्प्रेसर गेला असणार. नवीनच घेऊया."

चूक पहिली: मशीनचं वय विचारायचं, गेलेला पार्ट विचारायचाच नाही

त्या 'टक्'चा अर्थ असा: कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतोय, पण त्याला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. मोटर अडकल्यामुळे करंट चढतो आणि कॉम्प्रेसर जळू नये म्हणून ओएलपी (ओव्हरलोड प्रोटेक्टर) लाइन तोडतो. गार झाला की परत जोडतो. म्हणजे दोष तो धक्का देणाऱ्या रिलेत असू शकतो, ओएलपीत असू शकतो, घरात येणारं व्होल्टेज कमी असू शकतं किंवा खरंच कॉम्प्रेसर जाम झालेला असू शकतो. रिले आणि ओएलपीचा खर्च शेकड्यांत, कॉम्प्रेसरचा हजारांत.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. प्लग काढा. कॉम्प्रेसरच्या बाजूची प्लॅस्टिकची टोपी काढा, रिले ओढून बाहेर घ्या आणि कानाजवळ हलवून बघा. आत खुळखुळा वाजला तर आतली चकती (पीटीसी) फुटलेली आहे, रिले बदलायचा. खुळखुळत नसेल तर मल्टिमीटर ओहमवर लावून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांची तिन्ही जोड्यांनी रीडिंग घ्या. सगळ्यात मोठं रीडिंग उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकं आलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरची तारेची गुंडाळी, शाबूत. एखादी जोडी ओपन दाखवत असेल किंवा पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी मिळत असेल तर मात्र कॉम्प्रेसर संपला. इन्व्हर्टर फ्रीजला हा हिशेब लावू नका. त्यात रिले नसतो, कॉम्प्रेसर इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतो आणि तिन्ही रीडिंग जवळपास सारखीच येतात.

दुरुस्ती नव्या किमतीच्या निम्म्यावर गेली की बदला, हा सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा वाईट नाही. पण तो पार्ट कळल्यावर लावायचा. आधीच लावला तर दोन-तीनशेच्या रिलेपायी पंचवीस हजारांचा फ्रीज दारात येतो.

चूक दुसरी: दर सहा महिन्यांनी गॅस भरून घ्यायचा

फ्रीजचा गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. नळ्या बंद आहेत. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला की दोन महिन्यांनी तोच मेकॅनिक, तेच बिल.

नीट काम करणारा माणूस आधी नायट्रोजनचं प्रेशर देतो, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो, ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर नवा घालतो, व्हॅक्यूम पंप लावतो आणि मग वजन करून गॅस भरतो. यातला व्हॅक्यूम पंप दिसला नाही तर थांबवा, कारण नळीत राहिलेला ओलावा कॅपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, गोठतो आणि फ्रीज परत बसतो. प्लेटवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो गॅस पेट घेतो. तो बाहेर काढून खोली हवेशीर केल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत जवळ आणू द्यायची नाही.

गळती कॉम्प्रेसरजवळच्या जोडाला असेल तर दुरुस्ती करण्यासारखी. भिंतीच्या फोममध्ये गाडलेल्या नळीला असेल आणि फ्रीज दहा वर्षांच्या पुढचा असेल तर सोडून द्या. सिंगल डोअर फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडून पाडलेलं भोक हा तिसरा प्रकार. तिथला पत्रा म्हणजेच अॅल्युमिनियमच्या नळ्या. डीफ्रॉस्टचं बटण दाबून गप्प बसायला काय जातं?

आणखी एक गल्लत फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची. वर बर्फ जमतो, खाली भाजी गार होत नाही, आणि मेकॅनिक सांगतो गॅस कमी. गॅस कमी असता तर वरही बर्फ धड जमला नसता. खात्री करायची तर फ्रीज रिकामा करून बंद करा आणि दारं उघडी ठेवून चोवीस तास सोडा, खाली फडकी टाका. पुन्हा चालू केल्यावर आठवडाभर छान चालून मग परत तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा हीटर, त्याचा सेन्सर किंवा थर्मल फ्यूज गेलाय. हे तिन्ही सुटे मिळतात.

चूक तिसरी: चटणीच्या दिवसात मिक्सरचं लाल बटण दाबत राहायचं

मार्च ते मे आपल्याकडं मिक्सरचा हंगाम. मिरची कांडपाला जाते, पण भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण घरच्याच मिक्सरवर फिरतं. सुकं खोबरं तेल सोडतं, पात्याखाली त्याचा गोळा बसतो आणि ५०० वॉटची मोटर त्या गोळ्याशी झुंजत राहते. मोटर तापली की खालचं लाल बटण बाहेर येतं. ते लगेच दाबून पुन्हा, परत बाहेर, परत दाबून पुन्हा, अशी चार वेळा झटापट केली की वाइंडिंगचं व्हार्निश करपतं. बटण बाहेर आलं की अर्धा तास थांबा. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका आणि कोरडं वाटण एका दमात मिनिटभरापेक्षा जास्त फिरवू नका.

निर्णय वासावर आणि ठिणग्यांवर होतो. कडेच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात, आवाज खरखरीत होतो, पण जळका वास नाही, तर कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजलेत. जोडी थोडक्या पैशांत मिळते, दोन्ही एकदम बदलायचे. तसंच महिनाभर चालवलं तर कार्बन ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवर चर पडतात आणि नवे कार्बनही आठ दिवसांत खलास होतात. करपलेल्या व्हार्निशचा वास आला तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेला. आर्मेचर, कार्बन आणि मजुरी मिळून साध्या मिक्सरच्या निम्म्यावर जाते, मग तो बदलाच. जुन्या, जड ७५० वॉटच्या मिक्सरला मात्र आर्मेचर घालणं परवडतं.

भांडं मोटरला जोडणारा कपलर तुटला म्हणून कुणी मिक्सर टाकू नये. मोटर वाचावी म्हणून तो तुटतो. भांड्याच्या बुडाला काळं पाणी येणं याकडं मात्र सगळेच काणाडोळा करतात. पात्याच्या दांड्याभोवतीचे बुश आणि वॉशर झिजले की ओलं वाटण झिरपून मोटरच्या वरच्या बेअरिंगवर उतरतं. बेअरिंग गंजतं, आर्मेचर घासतो, मोटर जाते. भांड्याचं बुश वेळेवर बदललं असतं तर भागलं असतं.

चूक चौथी: जुनं म्हणजे वीज खाणारं, हे मोजमाप न करता ठरवायचं

मोजायला महावितरणचा मीटर घरातच आहे. त्यावर '३२०० इम्प' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे लाल दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त फ्रीज चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ९० सेकंद लागले तर फ्रीज १२५ वॉट घेतोय. मग तासात तो किती मिनिटं चालतो ते बघा. ३५ मिनिटं चालत असेल तर दिवसाला पावणेदोन युनिट, वर्षाला सुमारे ६४०. नव्याच्या स्टार लेबलवर वार्षिक युनिट छापलेले असतात. समजा २२० आहेत, तर वाचतील ४२०. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला चार हजारांच्या आसपास. वाचणारे युनिट बिलाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कमी होतात, म्हणून सरासरी दर न धरता तो दर धरा.

पण दुकानात जाण्याआधी दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर गारवा तिथून जातोय. रबर बदला, मागची जाळी ब्रशनं झाडा आणि पुन्हा मोजा. ३५ मिनिटांची २५ झाली तर बदलण्याचं अर्धं कारण तिथंच संपलं.

पंख्याचं गणित उलटं. हळू फिरतोय, हातानं ढकलल्यावर सुरू होतो, तर २.५ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर बदला, काम झालं. जास्त वारा लागावा म्हणून ४ एमएफडीचा घालून घेऊ नका, वाइंडिंग तापतं. वाइंडिंगच जळलं असेल तर मात्र भरून घेण्यात अर्थ नाही. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १६० युनिटचा फरक, तोही एका पंख्याचा.

चूक पाचवी: पुरात भिजलेलं मशीन उन्हात वाळवून प्लग लावायचा

२०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात सुतारवाडा, बापट कॅम्प, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली या भागांनी हे पुरेपूर भोगलं. पुरात बुडालेलं मशीन पाण्यानं जितकं मरतं त्यापेक्षा जास्त गाळानं आणि घाईनं मरतं. बाहेरून कोरडं दिसतं, पण वाइंडिंगच्या खाचांत गाळ बसलेला असतो आणि तो आठवडाभर ओलावा धरून ठेवतो. प्लग लावला की शॉर्ट.

पाणी ओसरलं की गाळ वाळायच्या आत मशीन उघडा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. हो, मोटरसुद्धा. वाळलेला गाळ सिमेंटसारखा बसतो. बोर्ड वेगळा काढून मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा. मग चार-पाच दिवस वाऱ्याला. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वाइंडिंग आणि बॉडीमधला रेझिस्टन्स मोजून घ्यायचा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर वीज जोडायची नाही, मोटर ओव्हनमध्ये तापवून व्हार्निश करायला द्यायची. शिवाजी उद्यमनगरात वाइंडिंगची कामं करणारे हे सगळं जाणतात.

काय वाचतं? फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, रिले-ओएलपी बदलून तो बहुधा चालतो. पण फ्रीज दोन-तीन दिवस अर्ध्यावर बुडाला असेल आणि हलवताना जड लागत असेल, तर भिंतीतल्या फोमनं पाणी प्यायलंय. तो चालेल, पण गार धरणार नाही आणि वासही जाणार नाही. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन वाचतं. फ्रंट लोडचा बोर्ड बुडाला असेल तर बोर्डाची किंमत आधी विचारा, मग काय ते ठरवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गढूळ पाणी शिरलं असेल तर ती गेली. टाकण्याआधी सीरियल नंबरसकट फोटो काढा, पंचनामा आणि विमा दोन्हीला लागतात.

याहून स्वस्त उपाय आधीच करता येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. नदीकाठच्या गल्लीत राहणाऱ्यांनी ३९ चा आकडा ऐकला की मशीन वरच्या मजल्यावर न्यावीत, ४३ ची वाट बघू नये. फ्रीज उभाच न्या. आडवा करावाच लागला तर वर पोचल्यावर चार तास उभा ठेवून मगच चालू करा.

बाकीचं थोडक्यात

गीझरची कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला तर दुरुस्ती, टाकी गळली तर भंगार. काचेचा थर असलेल्या टाकीला वेल्डिंग टिकत नाही. बोअरचं पाणी असेल तर मॅग्नेशियमचा रॉड वर्षाकाठी काढून बघा, तो संपला की टाकीची पाळी येते. टीव्हीचा आवाज येतो, चित्र नाही, पण अंधारात टॉर्च मारली की पुसट दिसतं, तर बॅकलाइटच्या पट्ट्या बदलून भागतं. पॅनेल तडकलं असेल तर चौकशीलाही जाऊ नका.

न्यूट्रल तुटून २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्टेज आलं आणि एकदम चार वस्तू बंद पडल्या, तर चारही बोर्ड बदलायला निघू नका. बऱ्याच बोर्डांत तो फटका झेलायला एमओव्ही आणि फ्यूज असतात आणि तेवढेच फुटतात. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला आधी दाखवा.

वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरत नाही म्हटलं की मोटर काढायला धावतात. आधी झाकणाचा स्विच, मग ब्रेकची वायर, मग कंडेन्सर. फ्रंट लोड स्पिनला विमानासारखा गरजत असेल तर बेअरिंग गेलंय. ड्रम उघडणारा असेल तर बदला, चिकटवून सीलबंद केलेला असेल तर नवीन बघा.

शेवटची चूक: कागद आणि जुना पार्ट न मागायचा

'कॉम्प्रेसरवर दहा वर्षं वॉरंटी' म्हणजे बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, फिल्टर ड्रायर, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. ही सगळी बेरीज आधी लेखी घ्या. बदललेला पार्ट हातात मागून घ्या, म्हणजे न बदललेल्याचं बिल होत नाही. सुटे पार्ट आणि वॉरंटीची माहिती ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर बघता येते, ते डिसेंबर २०२२ पासून आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरलं तर दुकानात शिरताच जुन्याचा विषय काढू नका. आधी नव्याची रोख किंमत ठरवा, मग जुन्याचे किती ते विचारा. दोन्ही आकडे वेगळे मिळाले तरच खरी सूट कळते. आणि फ्रीज भंगारात देणार असाल तर तो दारात नळी तोडून गॅस सोडणाऱ्याच्या हाती पडू देऊ नका. ई-कचरा घेणारी अधिकृत केंद्रं असतात. नेईपर्यंत तो अंगणात पडून राहणार असेल तर दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा. लहान पोरं लपाछपी खेळताना आत शिरली तर आतून दार उघडता येत नाही.