हेरोकूच्या कमांड लाइनवर या चुका टाळा

हेरोकू म्हणजे आपलं ॲप इंटरनेटवर चालवून देणारी सेवा. ‘गिट पुश हेरोकू मेन’ लिहिलं की ॲप वर चढतं, इतकं हे सोपं आहे. जिथे गाडी अडते तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते: टर्मिनलमध्ये काय टाइप केलं ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते नेमकं कुठे जाऊन लागू झालं हे आपण पाहिलेलं नसतं.

कमांड कुठल्या ॲपवर चालली?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका कामासाठी माझ्याकडे कोडचे दोन फोल्डर होते, एक स्टेजिंगला (चाचणीच्या ॲपला) जोडलेला, दुसरा प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या ॲपला). पेमेंटची टेस्ट की (चाचणीसाठीची गुप्त किल्ली) स्टेजिंगच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे ॲपच्या सेटिंग्जमध्ये, टाकायची होती. ‘हेरोकू कॉन्फिग:सेट’ लिहून एंटर मारलं आणि स्क्रीनवर आलेलं ॲपचं नाव नंतर वाचलं. ते प्रॉडक्शनचं होतं. कॉन्फिग बदलली की ॲप लगेच रीस्टार्ट होतं. ‘नक्की बदलू का?’ असं मध्ये कोणी विचारत नाही. पुढची ११ मिनिटं एकाही ग्राहकाचं पेमेंट झालं नाही.

त्यातला बराचसा वेळ मी जुनी की शोधण्यात घालवला, आणि त्याची गरजच नव्हती. कॉन्फिगमधला प्रत्येक बदल ही हेरोकूच्या लेखी एक नवी रिलीज (ॲपची नवी आवृत्ती) असते. ‘हेरोकू रिलीजेस’ने यादी दिसते आणि ‘हेरोकू रोलबॅक’ने आधीच्या रिलीजचा कोड आणि कॉन्फिग, दोन्ही परत येतात. हे आधीच माहीत असू द्या, कारण घाईच्या वेळी मदतीची पानं वाचायला सवड मिळत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक कमांडला ‘--ॲप’ आणि पुढे नाव लावतो. आणखी एक गोष्ट पटकन पटत नाही, पण खरी आहे: दोन वेगळ्या फोल्डरपेक्षा एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रिमोट (हेरोकूवरच्या ॲपकडे जाणारे गिटचे पत्ते) ठेवणं जास्त सुरक्षित. फोल्डरमध्ये एकच रिमोट असेल तर हेरोकूचं टूल गुपचूप तोच धरतं. दोन असतील तर ‘कुठलं ॲप ते सांगा’ म्हणून थांबतं. डिफॉल्ट रिमोट ठरवायचाच असेल, तर तो स्टेजिंगचाच ठरवा.

पुश केलं, पण बदल दिसत नाही

आधी ‘गिट स्टेटस’ बघा. कमिट करायचं (बदल गिटमध्ये नोंदवायचं) राहिलं असेल तर गिट ‘सगळं अद्ययावत आहे’ असं सांगून मोकळं होतं. दुसरं कारण ब्रँचचं, म्हणजे कोडच्या शाखेचं. हेरोकू फक्त ‘मेन’ किंवा ‘मास्टर’वर आलेला कोडच बिल्ड करतो. वेगळ्या ब्रँचवर काम करत असाल तर पुश करताना ब्रँचचं नाव, कोलन आणि ‘मेन’ असं लिहावं लागतं.

ॲप उघडत नाही

इथे लोक अंदाजाने काहीतरी बदलून पुन्हा पुन्हा डिप्लॉय मारत बसतात. तसं करू नका. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘हेरोकू लॉग्ज --टेल’ चालू ठेवा आणि मगच पुश करा. नुसतं ‘हेरोकू लॉग्ज’ शेवटच्या १०० ओळीच दाखवतं. ॲपवर वर्दळ असेल तर खरी एरर त्याच्या कधीच वर निघून गेलेली असते.

लॉगमधला कोड वाचला की अर्धं काम होतं. ‘एच १४’ म्हणजे वेब डायनो (ॲप चालवणारा आणि वेबच्या रिक्वेस्ट घेणारा हेरोकूचा कंटेनर) चालूच नाही. ‘हेरोकू पीएस’ चालवून खात्री करा, मग प्रॉकफाइल (ॲप कुठल्या कमांडने सुरू करायचं ते सांगणारी फाइल) बघा: ती मुख्य फोल्डरमध्येच हवी, पहिलं अक्षर कॅपिटल हवं आणि शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलेलं नको. ‘आर १०’ म्हणजे ॲपने ६० सेकंदांत पोर्ट (रिक्वेस्ट ज्यावर येतात तो क्रमांक) धरला नाही. इथे बरेच लोक वेळ वाढवता येईल का ते शोधतात, पण दोष सहसा वेळेचा नसतो. आपल्या मशीनवर चालणारा ३००० किंवा ८००० हा आकडा कोडमध्ये तसाच राहिलेला असतो. पोर्ट हेरोकू ठरवतो आणि ‘पोर्ट’ याच नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतो. तो तिथूनच वाचा. शिवाय सर्व्हर लोकलहोस्टवर बांधलेला असेल तर बाहेरून कोणी पोचू शकत नाही, तो ०.०.०.० वर हवा.

‘एच १२’ दिसला तर ॲपने रिक्वेस्टला ३० सेकंदांत उत्तर दिलेलं नाही. जड काम वर्कर डायनोकडे (मागे काम करणाऱ्या वेगळ्या डायनोकडे) द्या.

फाइल गेली कुठे?

‘हेरोकू रन बॅश’ने आत शिरून फाइल दुरुस्त केली आणि साइटवर काहीच फरक नाही, हा अनुभव अनेकांना येतो. ती कमांड तुमच्या वेब डायनोत शिरतच नाही. ती एक वेगळा, तात्पुरता डायनो उघडते आणि तुम्ही बाहेर पडलात की तो संपतो. वेब डायनोची डिस्कही टिकाऊ नाही. डायनो दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होतो, आणि लोकांनी अपलोड केलेले फोटो डिस्कवर ठेवले असतील तर ते त्याबरोबर जातात. फोटो बाहेरच्या स्टोरेजमध्येच ठेवा.

डेटाबेसचं तसं नाही, तो टिकतो, पण म्हणूनच रोलबॅक त्याला हातही लावत नाही. मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या कोडने) कॉलम उडवला आणि मग कोड मागे नेला, तर जुना कोड नसलेला कॉलम मागत बसेल. म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर मायग्रेशनच्या आधी ‘हेरोकू पीजी:बॅकअप्स:कॅप्चर’ चालवा, आणि त्यातही ‘--ॲप’पुढचं नाव एंटर मारण्याआधी वाचा.