सॉफ्टवेअर टाकण्याआधी सर्व्हरचं नाव आणि पत्ता पक्का करा

ईआरपी (सगळ्या धंद्याचं एकत्र सॉफ्टवेअर) असो, बिलिंग असो की हिशेबाचं मल्टियूजर पॅकेज, इन्स्टॉल होताना ते सर्व्हरचं (सगळ्यांचा डेटा ठेवणाऱ्या मुख्य मशीनचं) नाव आणि आयपी पत्ता (नेटवर्कमधला आकडी पत्ता) कुठे ना कुठे लिहून ठेवतं. लायसन्समध्ये, डेटाबेसच्या जोडणीत, प्रत्येक क्लायंटच्या (सर्व्हरला जोडलेल्या मशीनच्या) कॉन्फिग फाइलमध्ये. नंतर पत्ता बदलला तर नागपूरच्या गांधीबागेतल्या पाच टेबलांच्या पेढीत अर्धा दिवस जातो आणि बुटीबोरीतल्या कारखान्यात अख्खा आठवडा. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी नेटवर्क उरकून घ्यायचं. खालची माहिती विंडोज सर्व्हर धरून लिहिली आहे, पण क्रम लिनक्सलाही हाच लागू पडतो.

आधी नाव

विंडोजमध्ये कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांपर्यंत चालतं. सॅप (मोठ्या कंपन्यांचं ईआरपी) टाकायचं असेल तर १३ अक्षरांच्या आत ठेवा. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ वापरा. अंडरस्कोर नको, कारण डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) नियमात होस्टच्या नावात तो बसत नाही आणि काही सॉफ्टवेअर तिथेच अडतात. सर्व्हरला मालकाचं किंवा अकाउंटंटचं नाव देऊ नका. माणसं बदलतात, सर्व्हरचं नाव मागे राहतं.

नाव बदलून मशीन रीस्टार्ट करा आणि डोमेन (ऑफिसातल्या सगळ्या मशीन आणि लॉगिन एका ठिकाणाहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) असेल तर त्यात जोडा. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) त्यानंतरच टाका. तो इन्स्टॉल होताना असलेलं नाव स्वतःच्या आत साठवतो. पुढे विंडोजचं नाव बदललं तरी आतलं नाव जुनंच राहतं आणि ते हाताने काढून नवं नोंदवावं लागतं.

पत्त्यांची पट्टी कोणती घ्यायची

बहुतेक राउटर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ घेऊन येतात आणि जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. आज एकच दुकान असेल तर यांतलं काहीही चालेल. पण उद्या अमरावतीची शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने) जोडायची असेल आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच पट्टी असेल, तर समोरचा पत्ता आपल्याच खोलीतला आहे असं मशीनला वाटतं आणि पाकीट (डेटाचा तुकडा) बाहेर जातच नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाला वेगळी पट्टी हवी. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून एसटीडी कोड वापरता येतो. नागपूर ०७१२ म्हणून १०.७१.२, अमरावती ०७२१ म्हणून १०.७२.१, अकोला ०७२४ म्हणून १०.७२.४. पत्ता पाहताच गाव कळतं.

नागपूरच्या ऑफिसात मग असं ठेवा: राउटर १०.७१.२.१, सर्व्हर १०.७१.२.१० पासून १९ पर्यंत, प्रिंटर, हजेरी यंत्र आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) २० ते ४९, आणि राउटरचा डीएचसीपी पूल (राउटर आपोआप वाटतो ते पत्ते) फक्त १०० ते २००. पूल आवळण्याची ही पायरी सर्रास राहून जाते. सर्व्हरला हाताने १० दिला, पण राउटरचा पूल २ पासून २५४ पर्यंत मोकळाच आहे, असं दृश्य बऱ्याच ठिकाणी दिसतं. मग कुणाच्या तरी मोबाइलला तोच १० मिळतो आणि सॉफ्टवेअर दिवसातून दोनदा, कारण न सांगता, तुटतं.

जुनी पट्टीच ठेवणार असाल तर फॅक्टरीतून ठरून येणारे पत्ते टाळा. हाइकव्हिजनचा कॅमेरा १९२.१६८.१.६४ वर येतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८ वर, आणि झेडकेटेको हजेरी यंत्र १९२.१६८.१.२०१ वर. सीसीटीव्हीवाला हे क्वचितच बदलतो. पत्ता मोकळा आहे का हे पाहायला नुसतं पिंग (त्या पत्त्याला हाक मारून उत्तर पाहणारी आज्ञा) पुरत नाही, कारण फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारं संरक्षण) पिंगला उत्तर देऊ देत नाही. पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी -ए’ चालवा. यादीत त्या पत्त्यासमोर मॅक क्रमांक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला तर तिथे कुणीतरी बसलेलं आहे.

पत्ता भरताना

विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबून ‘एनसीपीए.सीपीएल’ टाइप करा, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा. पत्ता १०.७१.२.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटर) १०.७१.२.१.

डीएनएसमध्ये चूक हमखास होते. डोमेन असेल तर सर्व्हर आणि सगळ्या क्लायंटवर डीएनएस म्हणून फक्त डोमेन कंट्रोलरचा (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता द्या. दुसऱ्या रकान्यात ‘असू द्या’ म्हणून ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) भरू नका. पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, गूगलला तुमच्या ऑफिसातला सर्व्हर माहीत नसतो, आणि ‘सर्व्हर सापडला नाही’ असा निरोप येतो. बाहेरचा डीएनएस हवा असेल तर तो डोमेन कंट्रोलरच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरची नावं पुढे कुणाला विचारायची त्या यादीत) टाकायचा.

डोमेन नसेल तर एकाच स्विचवरच्या मशीन एकमेकींना नावाने शोधून काढतात, व्हीपीएनपलीकडून मात्र नाही. अशा वेळी क्लायंटच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहा: पत्ता, थोडी जागा, नाव. ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात असते. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, आणि सेव्ह करताना शेवटी टीएक्सटी चिकटलं नाही ना ते पाहा. चिकटलं तर विंडोज ती फाइल वाचणारच नाही.

सर्व्हरला मागे दोन किंवा चार लॅन पोर्ट असतात. एकच वापरणार असाल तर बाकीचे डिसेबल करा. दोन वेगळी नेटवर्क जोडायची असतील तरी गेटवे एकाच कार्डावर. दोन गेटवे दिले की बाहेर जाणारी पाकिटं कधी इकडून तर कधी तिकडून जातात. आयपीव्ही६ मात्र बंद करू नका. मायक्रोसॉफ्टचाच तसा सल्ला आहे, आणि पिंगला ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून काही बिघडलेलं नसतं. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण तेवढी काढा.

फायरवॉल बंद करू नका, दार उघडा

‘फायरवॉल ऑफ करा, मग चालेल’ हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो वाईट आहे. सॉफ्टवेअरवाल्याकडून पोर्टची (सॉफ्टवेअर ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतं त्यांची) यादी आधीच मागून घ्या. एसक्यूएल सर्व्हर टीसीपी १४३३, नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव देऊन टाकलेली प्रत) असेल तर एसक्यूएलच्या ब्राउझर सर्व्हिससाठी यूडीपी १४३४, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएल ५४३२, शेअर फोल्डर ४४५. टॅलीप्राइम, बदललं नसेल तर, ९००० वर ऐकतं आणि त्याचा लायसन्स गेटवे ९९९९ वर. यांतला एखादा पोर्ट आधीच कुणी अडवलेला नाही ना, हे ‘नेटस्टॅट -एएनओ’ने पाहा. शेवटच्या रकान्यातला क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला की तो प्रोग्राम कोणता ते कळतं.

इनबाउंड (आत येणाऱ्या जोडणीचा) नियम बनवताना ‘रिमोट अ‍ॅड्रेस’मध्ये १०.७१.२.०/२४ (म्हणजे १०.७१.२ ची अख्खी पट्टी) आणि शाखेची पट्टी एवढंच लिहा.

एसक्यूएलचा नेम्ड इन्स्टन्स सुरुवातीला डायनॅमिक पोर्ट घेतो आणि तो पुढे बदलूही शकतो. मग नियम लिहायचा कशावर? त्यासाठी एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आधी टीसीपी/आयपी सुरू करा (एक्सप्रेस आवृत्तीत तो बंद असतो), मग ‘आयपी ऑल’मध्ये डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करून खाली १४३३ भरा. त्या रकान्यात शून्य ठेवलं तर तो डायनॅमिकच राहतो. शेवटी सर्व्हिस रीस्टार्ट.

आता एक खोडी, जी नागपुरात मे-जूनमध्ये जास्त दिसते. वादळ येतं, वीज जाते, परत येते. सर्व्हर यूपीएसवर असतो, राउटर नसतो. किंवा दोन्ही एकदम सुरू होतात आणि राउटर मागे राहतो. सर्व्हरला गेटवे सापडत नाही, नेटवर्क ओळखीचं वाटत नाही, आणि विंडोज ते ‘पब्लिक’ (अनोळखी सार्वजनिक नेटवर्क) समजतं. तुमचा नियम फक्त ‘प्रायव्हेट’साठी असेल तर तो लागूच होत नाही. सर्व्हरवर सगळं चालू, बाकी एकही मशीन जोडली जात नाही. उपाय दोन आणि दोन्ही करा: राउटर व स्विच त्याच यूपीएसवर घ्या, आणि नियम डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही प्रोफाइलना लावा. रिमोट अ‍ॅड्रेस आधीच आवळलेला असल्याने त्यात धोका वाढत नाही.

घड्याळ आणि बाहेरचा रस्ता

वेळ यूटीसी अधिक ५:३० वर ठेवा. डोमेनमध्ये सर्व्हर आणि क्लायंटच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वेळ एनआयसी (सरकारी माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरवरून घ्यायची असते. त्यासाठी यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या.

ई-इनव्हॉइस काढत असाल (५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ते लागू आहे) तर सर्व्हरवरून टीसीपी ४४३ बाहेर जायला हवा.

शाखेतून आत यायचं असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनी अनेक ग्राहकांना एकच पब्लिक पत्ता वाटून देते त्यामागे) आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी चालणार नाही. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी घ्या. तो मिळाला तरी ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) किंवा १४३३ थेट इंटरनेटवर उघडू नका. रॅन्समवेअर टाकणारे आधी तिथेच ठोठावतात. व्हीपीएनच वापरा.

वायर

कॅट ६ घ्या, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण क्रिम्पिंगला तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर. हिंगण्याच्या शेडमध्ये ऑफिस ते शॉपफ्लोअर अंतर त्याहून जास्त भरलं, किंवा केबल एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून जाणार असेल, तर फायबर टाका. तांब्यावरून आलेली विजेची लाट स्विचसकट सर्व्हरचा पोर्ट जाळते. फायबरमधून ती येत नाही.

सर्व्हर आणि स्विच कूलरच्या झोतात ठेवू नका. उन्हाळ्यात गारवा बरा वाटतो, पण ओलसर हवेबरोबर आत जाणारी धूळ कनेक्टरच्या टोकांवर बसते. इथे ४५ अंशांच्या वर पारा जातो, त्यामुळे बंद खोलीला एसीच हवा.

तपासणी

इथरनेट स्टेटसमध्ये वेग १ जीबीपीएस दिसला पाहिजे. १०० एमबीपीएस दिसला तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा चुकीची बसलेली असण्याची शक्यता मोठी. क्लायंटवरून ‘पिंग -एन ५००’ चालवा. एकही पाकीट हरवता कामा नये आणि वेळ एक मिलिसेकंदाच्या आसपास हवी. मग नावाने पिंग करा.

पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने पोर्ट तपासता येतो, पण सॉफ्टवेअर टाकण्याआधी १४३३ वर ऐकणारं कुणीच नसतं. तेव्हा उत्तर ‘फॉल्स’ आलं म्हणून फायरवॉल उकरत बसू नका. आधी ४४५ वर तपासा (शेअर सुरू असेल तर ‘ट्रू’ येतं), १४३३ एसक्यूएल टाकल्यावर.

शेवटी मेन स्विच पाडा. सर्व्हर, राउटर, स्विच सगळं एकदम सुरू होऊ द्या, कशालाही हात न लावता दहा मिनिटं थांबा आणि क्लायंटवरून पुन्हा हेच तपासा. सगळं नीट चाललं तर नाव, पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस, पोर्ट आणि डीएचसीपीचा पूल एका कागदावर लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवा, आणि मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.