सीबीटी सुरू करताय? निदान या चुका टाळा

माझी पॅनिक अटॅकसाठीची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी) होऊन आता बरीच वर्षं झाली, पण सोसायटीत, ऑफिसात कुणाला सायकॉलॉजिस्टकडे जायचं असलं की आधी मला फोन येतो. महिन्याभरात दुसरा फोन, "अगं नुसत्या गप्पा मारतात आणि दोन हजार घेतात." मी विचारते, होमवर्क केलास? मग तिकडून आवाजच येत नाही.

सीबीटीत पन्नास मिनिटं बोलून मोकळं होणं हा छोटा भाग आहे. खरं काम होमवर्कच्या तक्त्यात असतं: प्रसंग काय घडला, त्या क्षणी डोक्यात काय आलं, भावना शंभरपैकी किती, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. आणि लोक हा तक्ता सेशनला जाताना रिक्षात भरतात! बॉसने मेसेज बघून उत्तर दिलं नाही तेव्हा मनात "आता मला काढणार" असं आलेलं असतं, ते रविवारपर्यंत "थोडं टेन्शन आलं" एवढंच उरतं, मग काम तरी कशावर करणार? मी घडलं की तिथल्या तिथे, प्लॅटफॉर्मवर उभं राहून, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचे, शिव्यांसकट. तक्ता रात्री.

दुसरी चूक म्हणजे घाई. ही मी स्वतः केली आणि मला फार महाग पडली.

मला पहिला अटॅक डोंबिवली-दादर फास्ट लोकलमध्ये आला, ठाणे सुटल्यावर. छाती धडधडतेय, हात बधिर, वाटलं आता मी जाते. घाटकोपरला उतरले, बाकड्यावर बसले, दहा मिनिटांत बरं वाटलं, आणि डोक्याने हिशोब पक्का केला की उतरलीस म्हणून वाचलीस. ईसीजी वगैरे सगळं नॉर्मल निघालं (हे आधी करून घ्याच). त्यानंतर कित्येक महिने मी स्लोनेच, दाराजवळ उभी, हातात पाण्याची बाटली, कानाला नवऱ्याचा फोन.

माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी माझ्याकडून भीतीची शिडी लिहून घेतली. पहिली पायरी भर दुपारी डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, मग बाटलीशिवाय, मग फोनशिवाय, मग दारापासून लांब आत, आणि सगळ्यात वर सकाळची गर्दीची फास्ट. एकेक पायरी पुन्हा पुन्हा करायची. मी कोपर दोनदा केलं, वाटलं हा काय पोरखेळ, आणि सोमवारी थेट आठची फास्ट पकडली. दिव्याच्या आसपास सुरू झालं, ठाण्याला बायकांना ढकलत रडत उतरले. म्हणजे डोक्याला परत तोच पुरावा मिळाला. पुढचे तीन आठवडे मी स्टेशनकडे फिरकले नाही आणि दोन सेशन ताप आलाय सांगून कॅन्सल केली.

शेवटी गेले तेव्हा मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भीती चढते तशी ओसरतेही, पण तुम्ही दर वेळी ती चढलेली असतानाच उतरता, ओसरताना तिला कधी बघितलंच नाहीत." मग कोपरपासून परत सुरुवात. ज्या दिवशी ठाण्यापर्यंत बसून राहिले त्या दिवशीचे भीतीचे शंभरपैकी आकडे अजून वहीत आहेत: दिव्याला ९०, मुंब्र्याला ६५, कळव्याला ४०. ते ४० मी पहिल्यांदा पाहिले. फास्टमध्ये दादरपर्यंत जायला पुढे अडीच महिने लागले, आणि त्यातला एकही आठवडा वाया गेला असं मला वाटत नाही. म्हणून कुणी "तीन सेशनमध्ये होईल ना?" विचारलं की मला राग येतो. साधारण बारा ते वीस सेशन धरून चला, कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग नव्हे. १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी ही पद्धत उभी केली ती विचार तपासायला, गोड करायला नाही. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (विचार तपासणारी अशीच एक उपचारपद्धत) मराठीत आणली, तिचं नाव विवेकनिष्ठ, त्यातच सगळं आलं.

नुसता बोर्ड बघून जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं, आणि चालू गोळ्या थेरपी लागू पडली म्हणून मनानेच बंद करू नका, कृपा करून.

सहाव्या सेशनला बरं वाटलं म्हणून गायब होऊ नका. पैशाचं ओझं होत असेल तर तसं तोंडावर सांगा, पंधरा दिवसांनी एक करता येतं, काही जण फी कमीही करतात. अगदीच जमत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन हॉस्पिटलला सायकिअ‍ॅट्री ओपीडी आहे.

आणि जीव नकोसा वाटायला लागला तर पुढच्या गुरुवारच्या सेशनची वाट बघायची नाही. घरातल्या कुणाला तरी उठवा आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.